चूल थंड, तरी पाकाचा वास

बेर्तोच्या नाकाचा गावात बोलबाला होता. रोज पहाटे तो काळ्या साखरेचा पाक कढवायचा आणि नुसत्या वासावरून कढई उतरवायचा. मग सोयाबीनच्या दुधाचं, दह्यासारखं मऊ ताहो एका डब्यात, पाक आणि साबुदाणा दुसऱ्यात, अशी कावड खांद्यावर घेऊन ‘ताहोऽऽ’ अशी हाळी देत गल्ल्या पालथ्या घालायचा. असल्या माणसाच्या नाकाखाली घरातलीच गोष्ट लपून राहावी, याला काय म्हणावं?

गुड फ्रायडेला मात्र त्याची चूल थंड असे. त्या दिवशी गावात कुणी काही विकत नाही. त्या वर्षीही कढई आदल्या दिवशीच घासून पालथी घातलेली होती. सकाळी बेर्तो निवांत अंगणात बसला आणि त्याला पाकाचा वास आला. किंचित करपलेल्या पाकाचा.

त्याने कढई हुंगली, डबे हुंगले, चुलीमागची फडकी हुंगली. सासूबाई, नानाय ऑरिंग, जपमाळ ओढता ओढता बघत होत्या.

“आजच्या दिवशी तरी गप बस की रे. कुत्र्यासारखा काय हुंगत फिरतोस?”

वासाच्या मागे मागे तो आत गेला. बायकोच्या, मारिलूच्या, कुशीत पाच दिवसांची रिझेल होती. कालपासून तिचं दूध पिणं मंदावलं होतं. आज तर ती तोंडच लावत नव्हती आणि रडायचंही विसरली होती. बेर्तोने तिचं ओलं दुपटं नाकाशी नेलं. वास तिथूनच येत होता.

“पाकवाल्याची पोर, तिला पाकाचाच वास यायचा,” नानाय दारातून म्हणाल्या. “आपल्या आन्तोनला नव्हता का येत? गोडुला होता माझा.”

आन्तोन बेर्तो आणि मारिलूचा पहिला मुलगा. दोन वर्षांपूर्वी नवव्या दिवशी गेला. दृष्ट लागली, अशी सगळ्यांनी मनाची समजूत घातली होती. तेव्हा चूल रोज पेटत होती, त्यामुळे वासाचं कुणाला काही वाटलंच नाही. बेर्तोने दुपटं खाली टाकलं.

“मारिलू, ऊठ. पोरीला घे. आत्ताच्या आत्ता निघायचं.”

मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते. क्रूस वाहणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत ती दोघं पायीच इस्पितळात पोचली. नर्सने ताप विचारला, उलटी विचारली. बेर्तोला एकच सांगता येत होतं.

“बाई, माझी चूल थंड आहे. तरी लेकराला पाकाचा वास येतोय.”

आपलं हसं होणार, असं त्याला वाटलं. पण डॉक्टर बाईंनी वाकून बाळाच्या कानाचा वास घेतला आणि एकदम धावाधाव सुरू झाली.

दुपारी त्यांनी दोघांना समोर बसवलं. अंगातली प्रत्येक पेशी अन्न मोडून शक्ती काढते, त्यालाच चयापचय म्हणतात, असं त्या म्हणाल्या. रिझेलच्या पेशींत त्यातली एक कडी जन्मापासूनच निखळलेली होती. दुधातल्या प्रथिनांचे तीन घटक अर्धवट राहून रक्तात साचत होते, मेंदूवर चढत होते. लघवीत आणि कानातल्या मळात येणारा हा वास त्याचाच. आता रक्त धुवावं लागेल, अंगावरचं दूध थांबवावं लागेल. पुढे जन्मभर वेगळी पावडर आणि मोजूनमापून जेवण. मासे, मांस, सोयाबीन, सगळं वर्ज्य.

मारिलूने डॉक्टर बाईंकडे पाहिलं.

“म्हणजे आमच्या थोरल्याला, आन्तोनला, मीच... तो पीत नव्हता, डॉक्टर. मी जबरदस्तीने पाजत राहिले.”

डॉक्टर बाईंनी तिचा हात धरला. “आई करते तेच तू केलंस. त्याच्या आजाराला नाव मिळालं नाही, बाळा. हिच्या आजाराला मिळालं, ते तुझ्या नवऱ्याच्या नाकामुळे.”

ते कौतुक बेर्तोला सोसेना. याच नाकाने त्याने आन्तोनची टाळू हुंगली होती आणि गोड म्हणून पापा घेतला होता. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

रिझेल वाचली. आता ती चार वर्षांची आहे. सकाळी बापाने कावड उचलली की पेला घेऊन दारात उभी राहते. तो पेल्यात साबुदाणा घालतो, वर पाक सोडतो. ताहोच्या डब्याचं झाकण तिच्यासमोर उघडत नाही.

गुड फ्रायडेला मात्र पाकही नसतो. चूल थंड असते. नानाय ऑरिंग जपमाळ मध्येच थांबवतात.

“हुंगलीस का रे पोरीला?”

“हुंगली, नानाय,” बेर्तो म्हणतो. “कसलाच वास नाही.”