डावी बाजू

नीरजाने यंत्राचा दिवा बंद केला आणि खुर्ची वडिलांच्या समोर ओढली. नौपाड्यातल्या तिच्या दवाखान्यात त्या दुपारी दुसरं कोणी नव्हतं.

"बाबा, काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. समोरचं तुम्हाला स्वच्छ दिसतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही. कडेचं जात चाललंय. डावीकडचं तर बरंच गेलंय."

लेफ्टनंट कर्नल प्रभाकर केळुसकरांनी हातातला नजरेच्या तपासणीचा कागद पाहिला. डाव्या बाजूला काळ्या ठिपक्यांची दाटी होती.

"परत येईल?"

"गेलेलं येत नाही. उरलंय ते राखायचं. आजपासून थेंब घालायचे. आणि गाड्यांचं रेसिंग बंद."

"पुढच्या महिन्यात रेस आहे, नीरजा."

"तुमच्या रेसच्या मेडिकल फॉर्मवर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कुणाची घ्यायचीही नाही."

कर्नल काही बोलले नाहीत. वडील गप्प राहिले म्हणजे त्यांनी मान्य केलं, असं नीरजाला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र तसं नव्हतं.

कर्नल चौसष्ट वर्षांचे होते. सगळी नोकरी फौजेच्या गाड्या आणि रणगाडे दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये गेली. दक्षिणेत पोस्टिंग असताना एका कॉफीच्या मळ्याच्या गोदामात त्यांना १९५१ सालची एमजी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार सापडली. दोन सीटांची, उघडी, निम्मी खोक्यांत भरलेली. ती जोडायला त्यांच्या चार वर्षांच्या सुट्ट्या लागल्या. पत्नी विमल तेव्हा हयात होती; ती माहेरी एकटीच जायची आणि विचारलं तर सांगायची, "ते ड्यूटीवर आहेत." छत्तिसाव्या वर्षी ते पहिल्यांदा रेसला उतरले आणि शेवटून दुसरे आले. पुढे जुन्या गाड्यांच्या गटात त्यांचं नाव झालं. ते फार वेगवान नव्हते, पण त्यांची गाडी कधी दुसऱ्याच्या गाडीला लागली नव्हती. लोक त्यांना त्यासाठी ओळखत आणि त्यांनाही त्याचाच अभिमान होता.

निवृत्तीनंतर एमजी शीळफाट्याला काळुराम भोईरच्या गॅरेजमध्ये आली. काळुरामच्या वडिलांच्या भातशेतीतला उरलेला तुकडा, त्यावर पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये दोघांनी पंधरा वर्षं एकत्र काम केलं. काळुरामची पुतणी ऋतिका डोंबिवलीहून यायची आणि तासन् तास बघत बसायची. ती एकवीस वर्षांची झाली तेव्हा काळुरामने तिच्यासाठी एक जुनी हेराल्ड गाडी रेसला तयार केली. शेडमागच्या मोकळ्या जागेत विटा मांडून वळण कसं घ्यायचं ते कर्नलांनी तिला शिकवलं.

पुढच्या महिन्यातली रेस तिची दुसरी होती. कर्नलांनी ठरवलं होतं, ही करायची आणि थांबायचं.

वर्तकनगरच्या एका डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजला, भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. कर्नलांनी अगदी खालची ओळही वाचली. फॉर्मवर प्रश्न होता, 'डोळ्यांचा काही आजार?' त्यापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'नाही' लिहिलं.

रेस दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर होती. पाचव्या फेरीत डावं वळण आलं. कर्नलांनी ब्रेक दाबला, गिअर उतरवला आणि आत वळले. डावीकडे रस्ता मोकळा होता. निदान त्यांना तसा दिसला. मग चाकाला चाक लागलं आणि पांढरी हेराल्ड त्यांच्या समोरून उडून मातीत उलटली.

ऋतिकाची कॉलरबोन मोडली, दोन बरगड्यांना तडा गेला. पंचांनी संध्याकाळी दोघांचे जबाब घेतले. कर्नलांनी लिहिलं, 'ती गाडी मला दिसली नाही.' वाक्य खरं होतं. पंचांनी त्याचा अर्थ असा लावला की मुलीने उशिरा, जागा नसताना गाडी आत घातली. ऋतिकाने हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगितलं, "मला वाटलं जागा आहे. माझाच अंदाज चुकला असेल." तिला तीन रेसची बंदी झाली.

कर्नल तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी तिला चमच्याने चहा पाजला. 

फौजेत असताना त्यांनी कितीतरी चौकशा चालवल्या होत्या. खऱ्या वाक्याच्या आड माणूस कसा उभा राहतो, हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून पाहिलं होतं. एका हवालदाराला त्यांनी एकदा विचारलं होतं, "तू खोटं बोलला नाहीस. पण सांगितलंस काय?" तो हवालदार आता त्यांना रोज आठवायचा.

पाच आठवड्यांनी ते शीळफाट्याला गेले. काळुराम हेराल्डचा चेपलेला दरवाजा ठोकून सरळ करत होता.

"पोरगी बोलते, आता गाडीत बसणार नाय," तो मान वर न करता म्हणाला. "मी पण बोललो, नको बसू. तुमच्यासारख्याच्या गाडीवर गाडी घातली, तर बाकीच्यांचं काय करशील."

कर्नलांनी टोपी काढून हातात घेतली.

"काळुराम, चूक तिची नव्हती. मला डावीकडचं दिसत नाही. रेसच्या आधीपासून मला माहीत होतं."

काळुरामचा हातोडा थांबला.  मग त्याने हातोडा खाली ठेवला, नळावर हात धुतले आणि फडक्याला पुसले.

"नीरजाताईंना ठाव हाय?"

"तिने नको म्हणून सांगितलं होतं."

"पोरीचा बाप मीच हाय, सायब. भाऊ गेल्यापासून मीच. तुमच्या भरवशावर तिला गाडी दिली मी." आवाज चढला नव्हता. "मला नका सांगू आता. आधी तिला सांगा. मग तुमचे कागद लिहा."

तो स्वतःच त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला.  घरी ऋतिका हात झोळीत बांधून खिडकीशी बसली होती. कर्नल उभेच राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं: नीरजाची तपासणी, फॉर्म, तो 'नाही'.

ऋतिकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे जागा होती?" तिने विचारलं.

"होती. तू बरोबर आली होतीस. माझी नजर चांगली असती तर मी तुला वाट दिली असती."

तिचे डोळे भरून आले. "रोज डोळे मिटून मी ते वळण घेते, काका. रोज मला जागा दिसते. मला वाटायला लागलं, माझंच डोकं बिघडलंय." तिने मोकळ्या हाताने डोळे पुसले. "आणि तुम्ही मला चहा पाजत बसलेलात."

"हो."

"आता जा तुम्ही. मला बोलायचं नाहीये."

घरी आल्यावर कर्नलांनी आधी नीरजाला फोन केला आणि मग पंचांना पत्र लिहायला बसले. पत्रात त्यांनी दया मागितली नाही, आपली जुनी कारकीर्दही सांगितली नाही. पंधरा दिवसांत ऋतिकाची बंदी उठली. कर्नलांचं लायसन्स कायमचं रद्द झालं. रेसिंग क्लबने त्यांच्या नावाची वार्षिक ट्रॉफी देणं थांबवलं. तीस वर्षांचे मित्र फोन उचलेनासे झाले. नीरजा रोज रात्री येऊन थेंब घालून जायची. पहिला महिनाभर ती कामापुरतंच बोलली.

"मला राग डोळ्यांचा नाही आला, बाबा," ती एकदा म्हणाली. "माझ्या समोर गप्प बसलात, त्याचा आला."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काळुराम कर्नलांच्या नौपाड्यातल्या घराच्या दारात उभा राहिला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"हेराल्डचे दोन कार्ब्युरेटर जुळत नाय," तो म्हणाला. "मशीन लावून बघितलं. तुमी नळी कानाला लावून जुळवायचे तसं मला जमत नाय. येता का?"

कर्नलांनी चपला घातल्या.

शेडमध्ये ऋतिका होती. तिने नुसती मान हलवली. कर्नलांनी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि स्क्रू हळूहळू फिरवला. पहिल्याचा हिस्स असा आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याचा, पुन्हा पहिल्याचा, दोन्ही सारखे होईपर्यंत. तासाभराने इंजिन एकसुरी चालू लागलं.

ऋतिका जवळ आली. "मला दाखवा कसं करतात."

त्यांनी तिच्या हातात नळी दिली आणि बाजूला सरकले. ती कान लावून वाकली. तिचा डावा खांदा अजून जरा उतरता होता. कर्नल तो बघत राहिले.

"काही वेगळं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी येत नाही," ते म्हणाले. "उद्या परत बघू."

"उद्या नाही, रविवारी," ऋतिका म्हणाली, आणि तिने इंजिन बंद केलं.