दोन वर्षांचं मलम

शनिवार-रविवारच्या त्या शिबिराला तान्हं बाळ घेऊन आलेली ब्रिटा एकटीच होती. मिनेसोटातल्या तळ्याकाठच्या लाकडी घरात बाराजण जमले होते. सगळे मोठे, नोकरी-संसारवाले, आणि सगळे गोऱ्या आईबापांकडे दत्तक येऊन वाढलेले. कोणी कोरियातून आलेले, कोणी कोलंबियातून. शिबिर चालवणारी लॉरेट शिकागोतल्या काळ्या आईच्या पोटची, पण वाढली शेतावर, गाईगुरांत. ब्रिटा पाच महिन्यांची असताना सोलहून आली होती. आडनाव हालव्होर्सन, ते ऐकून समोरचा माणूस दोनदा बघतो, याची तिला आता सवय झाली होती.

चार महिन्यांच्या इंगाला घ्यायला सगळेच टपलेले असायचे. ब्रिटा द्यायचीही. पण डायपर बदलायची वेळ झाली की बाळ उचलून वरच्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. घरी नवऱ्यालासुद्धा ती हे काम करू देत नव्हती.

इंगाच्या कमरेखाली निळसर काळा डाग होता, तळहाताएवढा. बाळंतपणाची गुंगी उतरल्यावर, चौथ्या दिवशी, तो ब्रिटाला पहिल्यांदा दिसला. नंतर तपासणीच्या वेळी डॉक्टरांनीही पाहिला, संगणकावर काहीतरी लिहिलं आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्यानं तिची झोप उडाली. झोपेत आपलाच कोपर लागला का? आंघोळ घालताना जोरात धरलं का? रोज सकाळी ती त्या डागाशेजारी आपली बोटं ठेवून बघायची, जुळतात का.

या भीतीला मूळ होतं. तिच्या दत्तकाच्या फाइलीत इंग्रजीत एक ओळ होती : ‘पाठीवर व कमरेखाली मुका मार.’ आणि मॉम, म्हणजे मार्लिस हालव्होर्सन, ती गोष्ट दर वाढदिवसाला सांगायची. विमानतळावरून तुला घरी आणलं, कपडे काढले आणि मी रडायलाच लागले; एवढ्याशा जिवाला कोणी मारतं का; मग रोज झोपवताना मलम चोळलं, तेव्हा कुठे दोन वर्षांनी वळ गेले. मॉमच्या लेखी ही मायेची गोष्ट होती. ब्रिटा त्यातून एवढंच शिकली, की आपल्याला जन्म देणारीचा हात उठत होता. आता तोच हात आपल्या मनगटाला फुटलाय, असं तिला वाटायला लागलं होतं.

शनिवारी दुपारी सगळे आपापल्या फाइली घेऊन खालच्या खोलीतल्या शेकोटीभोवती बसले. त्यांच्यातली, कोरियातूनच आलेली ग्वेन सोलमध्ये नऊ वर्षं राहून भाषा शिकून आली होती. ज्यांच्या फाइलीत कोरियन पानं होती त्यांना ती वाचून दाखवत होती. कुणाचं नाव चुकलेलं निघालं, कुणाची जन्मतारीख ऑफिसातल्या कुणीतरी ठरवलेली. हसण्यावारी नेत सगळं चाललं होतं. ब्रिटाची पाळी आली तेव्हा फाइल तिच्या मांडीवरच राहिली. माझ्यात काही विशेष नाही, म्हणाली. लॉरेटनं आग्रह केला नाही, नुसता हात पुढे करून ठेवला. शेवटी ब्रिटानंच फाइल दिली.

ग्वेननं कोरियन पान वाचलं, मग इंग्रजी, मग पुन्हा कोरियन, आणि फस्सकन हसली. ब्रिटाचा चेहरा पाहून लगेच थांबली.

“हे भाषांतर कुणी केलं? मार हा शब्दच नाहीये इथे. लिहिलंय, जन्मतःचा निळा डाग. पुढे ऐक. वजन उत्तम, बाळ चांगलं पोसलेलं, अंगावर इजा नाही.”

“पण तो दोन वर्षं होता,” ब्रिटा म्हणाली.

“मग असणारच की. तो हळूहळूच जातो. आपल्याकडच्या बहुतेक पोरांना असतो तो.”

“आपल्याकडच्या म्हणजे? आमच्याकडेही असतो हं,” लॉरेट म्हणाली. “तो बघून दवाखान्यात माझ्या गोऱ्या आईला पोलिसांनी दोन तास बसवून ठेवलं होतं.”

कोलंबियाच्या दोघांनी हात वर केले. साठीला टेकलेले डीन, डुलुथला गॅरेज चालवणारे, खाकरून म्हणाले, “माझा अजून गेलेला नाही. पुरावा मात्र मागू नका.”

खोलीभर हशा पिकला. ब्रिटा हसली नाही. तिनं सगळ्यांसमोर गालिच्यावर दुपटं अंथरलं, इंगाला ठेवलं, डायपर सोडला आणि तिला पालथं केलं. सगळेजण ओणवून बघायला लागले.

“काय झकास आहे,” ग्वेन म्हणाली. “अगदी फाइलीत लिहिलाय तस्साच.”

तेव्हा ब्रिटाला रडू फुटलं. तिथेच, बाळाच्या उघड्या पाठीवर हात ठेवून, ती पोटभर रडली. या वेळी बोटं जुळतात का ते तिनं पाहिलं नाही.

रविवारी सकाळी तिनं मॉमला फोन लावला. तिनं मला मारलं नव्हतं, मॉम, म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे दोन वर्षं मी उगाच चोळत बसले?”

“मालिश मस्त झालं की.”

“मी त्या बाईला मनातल्या मनात काय काय बोललेय गं, ब्रिटा. तीस वर्षं.”

“मीही बोललेय. आता दोघी मिळून माफी मागू.”

“हो,” मार्लिस म्हणाली. मग नाक ओढून तिनं विचारलं, “आणि इंगाला आहे का तो?”

“आहे. इकडे येशील तेव्हा डायपर तूच बदल.”

बाहेर सगळे सौनाच्या तापवलेल्या लाकडी खोलीत बसून घामाघूम झाले होते आणि एकेक जण धावत जाऊन तळ्यात उडी टाकत होता. ऑक्टोबरचं पाणी, किंचाळ्या घरापर्यंत ऐकू येत होत्या. काल ब्रिटा बाळाचं निमित्त सांगून खिडकीतच उभी राहिली होती. आज तिनं इंगाला डीनच्या हातात दिलं. तिचा डायपर ओला आहे, एवढं सांगितलं.

“तीन नातवंडांचे बदललेत,” ते म्हणाले. “जा तू.”

सौनात अंग चांगलं भाजून निघाल्यावर ती धक्क्यावरून अनवाणी धावत सुटली आणि शेवटच्या फळीवरून तिनं उडी टाकली. गारठ्यानं श्वासच अडकला. वर आली ती ओरडतच, आणि काठावरचे सगळे तिच्याबरोबर ओरडले.

धक्क्यावर डीन उभे होते, ब्लँकेटात गुंडाळलेली इंगा छातीशी धरून. ब्लँकेटाच्या फटीतून डायपर दिसत होता, उलटा लावलेला.

ब्रिटानं तो पाहिला. आणि पुन्हा एक बुडी मारली.