धुतलेली गाडी

"आणि हे जळालं तर?" त्यांनी विचारलं.

दुकानदाराने पाण्याच्या जोराने धुवायचं मशीन काउंटरवर ठेवलं आणि कपाळाला हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं. हे गृहस्थ कधीपासून त्याचं डोकं खात होते. वायर किती लांब आहे, नळच लागतो की बादलीतूनही पाणी ओढतं, सलग चालवलं तर मोटर किती तापते, पाइप फाटला तर सुटा मिळतो का. आता तर वस्तू घ्यायच्या आधीच ती जाळायला निघाले होते.

त्यांचाही इलाज नव्हता. सारी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलेली. तिथे सुतळीचा गुंडा घ्यायचा तरी तीन ठिकाणचे भाव मागवायचे, तिन्ही शेजारी शेजारी मांडायचे आणि मगच सही करायची. कारखान्यात त्यांना सगळे कोटेशनराव म्हणायचे आणि ते नाव चालत चालत घरापर्यंत आलं होतं. "लग्न ठरलं तेव्हा मी कितवं कोटेशन होते हो?" असं बायको चारचौघांत विचारायची. "तिसरं," ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे. "तिसरं बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

मशीनसाठीही हे तिसरंच दुकान होतं. पहिल्या दुकानातलं सगळ्यात स्वस्त होतं, पण ते कुंडीतल्या रोपाला आंघोळ घालायच्या लायकीचं. दुसऱ्याने गॅरेजवाले घेतात तसलं धूड पुढे केलं होतं, ते पेन्शनवाल्याला परवडणारं नव्हतं आणि उचलवणारंही नव्हतं. इथलं मधलं होतं. घर आणि गाडी दोन्ही धुऊन निघतील, फक्त पुढचं तोंड बदलायचं, असं दुकानदार सांगत होता. गाडीला पसरट फवारा, भिंतीला बारीक.

"शेवाळ म्हणू नका, काजळी म्हणू नका, वर्षानुवर्षांचा मळ काढतं, काका. घर पहिल्यासारखं होईल."

"अगदी पहिल्यासारखं?"

"अगदी."

त्यांनी पाकीट काढलं. खरं म्हणजे हा एक शब्द ऐकायलाच ते तीन दुकानं फिरले होते.

बाहेर गाडीत बायको बसली होती. गाडी मुळात लाल, पण बायको आजारी पडल्यापासून गाडीवर कुणी पाण्याचा थेंब टाकला नव्हता, त्यामुळे आता तिचा रंग सांगायचा म्हणजे अंदाजच करावा लागे. ते स्टिअरिंगमागे बसले तशी ती म्हणाली, "अहो, किती तो उशीर. तीन कोटेशनं झाली वाटतं?"

ते हसले. मग उगाचच आरसा नीट करत बसले, कारण डोळे भरून आले होते.

गाडीत ती त्यांना ओळखायची. फक्त गाडीत. घरात ते तिच्या लेखी कुणी कामाला आलेले गृहस्थ होते. भाऊ, जरा पाणी द्या. भाऊ, तुमचं काम आटोपलं असेल तर दार ओढून घ्या. तिन्हीसांजा झाल्या की ती फाटकाशी जाऊन उभी राहायची, आमचे हे न्यायला येतील म्हणायची. मग ते गाडी काढायचे. पुढच्या सीटवर बसून तिने डोकं मागे टेकलं, कव्हरवर तिच्याच केसांच्या तेलाने पडलेल्या डागावर बरोबर टेकलं, की भाऊचे अहो व्हायचे. चौकापर्यंत जाऊन परत येईस्तोवर दोघांचा संसार चालायचा. त्यात भाजीवरून भांडणसुद्धा व्हायचं. घराशी उतरली की पुन्हा भाऊ.

हे सगळं त्यांनी मुलीला फोनवर सांगून पाहिलं होतं. मुलगी वाईट नव्हती. गेल्या खेपेला आली तेव्हा आई उघड्या फाटकातून रस्त्यावर गेलेली आणि बाप चपला न घालता तिच्यामागे धावलेला, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा माणसांना सांभाळतात ती एक जागा तिने बघून ठेवली होती आणि रविवारी ती आईला न्यायला येणार होती.

"मला ओळखते गं ती," ते म्हणाले होते. "गाडीत बसली की ओळखते."

मुलगी म्हणाली, "बाबा, माणूस गाडीत किती वेळ राहणार?"

जन्मभर घासाघीस केलेला माणूस, तशीच इथेही केली. रविवारपर्यंत तिने घर ओळखलं तर? ओळखलं तर नाही नेणार, मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, तरी त्यांनी तो शब्द पक्का धरला.

मग त्यांनी स्टोअरकीपरच्या डोक्याने विचार केला. माल तोच असला तरी खोक्याचा रंग बदलला की माणूस फसतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. घर बांधलं तेव्हा भिंत पिवळी होती, अंगणातली फरशी पांढरी. आता दोन्हींवर काळं शेवाळ चढलेलं. बायको मनाने मागे गेली आहे आणि घर बापडं पुढे निघून आलंय, मग चुकामूक होणारच. तिला पुढे आणणं कुणाच्या हातात नाही, पण घराला मागे नेता येईल. त्यांना हे इतकं पटलं की रात्री शांत झोप लागली आणि दुसऱ्या दिवशी ते मशीन शोधायला निघाले.

शनिवारी जेवणं झाल्यावर त्यांनी बायकोला शेजारणीकडे बसवलं आणि मशीन सुरू केलं. आवाज कानठळ्या बसवणारा होता. पण पहिला फवारा भिंतीवर बसला आणि काळ्यातून पिवळा पट्टा उघडा पडला तेव्हा ते एकटेच मोठ्याने हसले. किती तरी दिवसांत कुठल्या गोष्टीने त्यांचं असं ऐकलं नव्हतं. भिंत झाली, फरशी झाली, फाटक झालं. पाठ मोडून आली होती, पाय भिजून पांढरे पडले होते, पण थांबवेना.

गाडीला हात लावायचं काही कारण नव्हतं. गाडी तर तिला ओळखू येतच होती. पण दुकानातून निघतानाच घर आणि गाडी असं डोक्यात बसलेलं, आणि अर्धवट काम टाकायची त्यांना सवय नव्हती. पसरट फवारा लावला. गाडी लालचुटूक निघाली. मग आतून मळकी कशी ठेवायची म्हणून कव्हरं काढून साबणाने घासली. डोक्यापाशी तेलकट डाग होता तो निघता निघेना. तोही त्यांनी जोर लावून काढलाच, आणि कव्हरं जरा वाळवून पुन्हा चढवली.

संध्याकाळी ते बायकोला घेऊन आले. फाटकाशी ती थांबली.

"छान ठेवलंय हो घर," ती म्हणाली. "कुणाचं?"

"आपलं आहे."

ती हसली, परक्या माणसाकडे बघून हसावं तशी. तरी त्यांनी धीर सोडला नाही. गाडी होती ना. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि चल, चक्कर मारून येऊ म्हणाले. ती एक पाऊल मागे सरली.

"नको, भाऊ. लोकांच्या गाडीत मी बसत नाही."

"अगं, ही आपलीच आहे. बसून तर बघ."

त्यांचा चेहरा बघून तिला दया आली असावी. ती टेकल्यासारखी बसली, सवयीने डोकं मागे नेलं आणि दचकून पुढे आली. कव्हर दमट होतं, साबणाचा वास येत होता. ती उतरलीच.

"आमच्या ह्यांची गाडी मळकी असते," तिने समजावून सांगितलं. "लांबूनच ओळखू येते."

त्यांनी वाकून कुंडीतली मूठभर माती उचलली आणि बॉनेटवर फासली. दुसरी मूठ दारावर. तिने घाईने येऊन त्यांचा हात धरला.

"भाऊ, असं नका करू. कुणी किती मेहनतीने धुतलीय."

आणि रुमाल काढून तिने ती माती पुसली. नीट, कोपऱ्यापर्यंत. पुसून झाल्यावर ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. उद्या रविवार होता. मातीचा हात विजारीला पुसत तेही शेजारी जाऊन उभे राहिले, कारण दुसरं कुठे जायचं तेच त्यांना कळेना.

"तुम्हीपण कुणाची वाट बघताय?" तिने विचारलं.

"हो."

"काळजी नका करू. आमचे हे आले की तुम्हालाही सोडतील. माणूस चांगला आहे," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "फक्त दुकानात शिरला की वेळ लावतो."