श्वास काढलेला अल्बम

चुळबुळ्याला एका जागी बसवणं त्याच्या आईला जमलं नाही, शाळेला जमलं नाही आणि न्हाव्याला तर अजिबातच जमलं नाही. डाव्या कानाच्या पाळीवरची खूण त्याला साक्ष आहे. नाव ताईनं ठेवलेलं. मिशा फुटून जमाना झाला तरी बापड्याचं नावही सुटलं नाही आणि चुळबुळही. बसला की एक पाय नाचतोय, बोटं टेबलावर वाजतायत. बाबा म्हणत, "ह्याच्या अंगात कुणीतरी मोटर बसवली आणि स्विच फेकून दिला."

त्या मोटरीचा त्यानं निदान काही उपयोग तरी केला होता. बाबांच्या गाद्यांच्या दुकानामागं एक खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या लावून त्यानं तिथं स्टुडिओ थाटला. बाहेर बाबांचं शिलाई मशीन जाड कापडात सुई खुपसत धडधडायचं. ते आवाज पकडायचे, कापायचे, ताणायचे, उलटे फिरवायचे आणि त्यातून बीट रचायचे, हा त्याचा उद्योग. त्यावर रॅप करायची ताई, लिहायचीही तीच. ती मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर तलावाच्या काठावर ओरडून आली की इथं पुन्हा माइकपुढं उभी. भांडत, रुसत दोघांचा अल्बम होत आला होता.

"हे गाणं आहे होय?" बाबा दारातून विचारायचे. "मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून तेल घेऊन आलो."

मग ताईचा घसा बसला, तो उठेचना. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं तर आत गाठ. गाठ साधी आहे म्हणाले, पण काढावी लागेल, आणि नंतरचा आवाज हाच असेल अशी खात्री देता येत नाही. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. जिच्या एका हाकेला अख्खा तलाव दचकायचा, ती बाई आता शिट्टीवर आणि मोबाइलवर लिहून बोलू लागली.

चुळबुळ्या घाबरला. आणि घाबरला की याचे हात जास्तच चालतात. ताईचा आवाज आता काय तो या अल्बममध्ये होता. ऑपरेशनच्या आधी तो पुरा करून तिला ऐकवायचाच, असं ठरवून तो कामाला भिडला. एकेक ट्रॅक घासूनपुसून लख्ख केला. ओळींच्या मधले तिचे श्वास त्याला कचरा वाटले. ते त्यानं वेचून काढले आणि प्रत्येकाच्या जागी मशीनची एक टकटक बसवली. वर कॉम्प्युटर गच्च भरलेला, म्हणून हा शहाणा मूळ रेकॉर्डिंगवरच सेव्ह करत गेला. असं कधी करू नये, हे यानंच ताईला शंभरदा बजावलेलं.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलं तेव्हा ताई ऐकायला बसली. तिसऱ्या गाण्याला तिनं हेडफोन काढले आणि मोबाइलवर लिहिलं, "ही कोण?"

"कोण म्हणजे? तू!"

"ही श्वास घेत नाही. मेलेली माणसं श्वास घेत नाहीत."

"अगं, मशीनसारखा वेग आलाय त्याला! ऐक तरी पुढं."

"परत घाल ते."

चुळबुळ्याचा पाय थांबला. "नाहीयेत," तो म्हणाला. "वरूनच सेव्ह केलं."

ताईनं हेडफोन टेबलावर ठेवले. मग तिनं लिहिलं, "मग मशीनचं नाव छाप. माझं काढ." आणि ती गेली. दार आपटलं नाही. एरवी ती दार आपटणारी बाई, म्हणून तर त्याचं धाबं दणाणलं.

सकाळी उठल्या उठल्या त्यानं स्वतःचेच श्वास रेकॉर्ड करून पाहिले. ऐकल्यावर वाटलं, ताईच्या ओळींमागं कुत्रा लागलाय. मग बाबांना माइकपुढं बसवलं. "नुसता श्वास घ्यायचा? एवढंच?" म्हणत बाबा गादीला टेकले आणि घोरायला लागले. चुळबुळ्यानं डोक्याला हात लावला आणि तलावाची वाट धरली.

काठावर ताई गुडघे टेकून बसली होती. एक पोर पाण्यात तोंड घालून सुसाट निघायचं, श्वास घ्यायचा विसरायचं आणि खोकत वर यायचं. ताईनं त्याची हनुवटी धरली, स्वतःची मान वळवली, तोंड उघडून मोठ्ठा श्वास घेतला. पोरानं तस्सा घेतला. शब्द एकही नाही, पण त्या श्वासात अख्खी ताई होती. चुळबुळ्या बघतच राहिला. किती वर्षं ही बया आपल्या शेजारी उभी राहून हे करत होती, आणि आपण त्याला कचरा म्हटलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ताई, आवाज नकोय," तो तिच्यापाशी जाऊन म्हणाला. "ओठ हलव, गाणं मनात म्हण. फक्त श्वास दे. तुझेच पाहिजेत."

ताईनं त्याच्या तोंडावर खणखणीत शिट्टी मारली. तलावातली पोरं जागच्या जागी थिजली. मग तिनं लिहिलं, "तू हलायचं नाही. एकदा जरी खुर्ची वाजली तरी मी निघून जाईन."

अट मस्करीतली नव्हती. श्वास पकडायचा तर माइकचा आवाज इतका वाढवावा लागतो की पँटची घडी घासली तरी ऐकू येते. बाबांनी मशीन बंद केलं. ताई गाद्यांच्या मधे उभी राहिली, हेडफोन लावले, आणि चुळबुळ्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला.

ताईचे ओठ हलू लागले, हात हवेत फिरू लागले. टकटक काढून मोकळ्या केलेल्या जागांवर तिचे श्वास बरोब्बर येऊन बसत होते. ओळीत भांडण असेल तिथं आखूड, थट्टा असेल तिथं नाकातून. इकडं चुळबुळ्याच्या पायाला मुंग्या आल्या, मान आखडली, नाक खाजलं. दात आवळून त्यानं गाण्यामागून गाणं काढलं. हे वाया गेलं तर उद्या दवाखाना, पुढं काय ते कुणालाच ठाऊक नाही.

शेवटच्या गाण्यात ताईचा एक श्वास मधेच तुटला. ओठ थांबले. डोळे मिटलेले, आणि कानात तिचाच जुना आवाज चाललेला. ती भ्यालीय, हे त्याला कळलं. ताई भिऊ शकते हेच मुळी त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढचा श्वासही अर्धाच आला. अट आठवली, वाया जाणारं गाणं आठवलं, आणि तरी तो उठला. खुर्ची करकरली, त्याच्या चपला फरशीवर फटफटल्या, आणि त्यानं तिला घट्ट धरलं.

ती निघून गेली नाही. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिनं एक लांब, पोटातून श्वास घेतला आणि सोडला. माइक चालूच होता.

नंतर दोघांनी ते ऐकलं. तुटलेला श्वास, करकर, फटफट, आणि तो लांब श्वास. सवयीनं चुळबुळ्याचं बोट खोडायच्या बटणावर गेलं. ताईनं फाडकन त्याच्या हातावर मारलं.

बाबा आत आले, हेडफोन लावून शेवटचं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढले.

"शेवटी खुर्ची वाजली रे तुझी," ते म्हणाले. "तेल घालू का तिला?"

चुळबुळ्या तोंड उघडणार, तेवढ्यात ताईनं जोरजोरात मान हलवली: नाही.