गुलाबी द्रव

घरी माझ्या तान्ह्या देवयानीनं जरा हूं केलं तरी माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही, आणि प्रयोगशाळेत मात्र पेशी कधी रडतात याची मी वाट बघत बसले होते.

बाळंतपणाची रजा संपवून मी नवा रायपूरला परत रुजू झाले होते. इस्ट्रोजेन मिळालं नाही की हाडाच्या पेशी इंटरल्युकिन-सिक्स जास्त सोडतात. ही रोगप्रतिकार यंत्रणेची हाक. ती ऐकून हाड झिजवणाऱ्या पेशी जाग्या होतात. म्हणजे इस्ट्रोजेन दिलेली प्लेट शांत हवी, न दिलेलीत आरडाओरडा. माझ्या दोन्ही प्लेटा गप्प.

"पूर्णिमा, अगली बार भी यही आया तो ये सवाल छोड़ देंगे," माझ्या गाइड ममता मॅडम म्हणाल्या. रस्ताभर तेच डोक्यात.

ब्राह्मणपाऱ्यात घरी पोचले तर देवयानी पाय पोटाशी घेऊन कळवळत होती. सासूबाई ओव्याची पुरचुंडी गरम करून तिला शेकत होत्या.

"काल तुनं काय खाल्लं?"

"वरणभात, आई."

"आन् संध्याकाळी चणा चाट कोनं खाल्ली? तुले वाटते, खाल्लेलं तुझ्याच पोटात राहते?"

पोट्टी शेकानं निवली. मी मात्र विचारात पडले. माझ्या पेशी काय खातात? त्यांच्या खाण्यात घालतात त्या सीरममधले हार्मोन तर मी कोळशानं काढून टाकले होते. उरला पोषकद्रव. गुलाबी. तो मीच हट्टानं घेतला होता, कारण बिघडला की पिवळा पडतो, दुरून कळतं. मला सारखं बघायला काहीतरी लागतंच ना!

शोधून वाचलं. तो रंग, फिनॉल रेड, थोडासा इस्ट्रोजेनसारखाच वागतो. माझ्या उपाशी पेशी उपाशी नव्हत्याच.

बिनरंगाचा द्रव घेऊन प्रयोग पुन्हा लावला. आता बघून काहीच कळेना. मी इन्क्युबेटरपाशी घुटमळत राहिले.

"देखने से नहीं बढ़ेंगे. घर जा," मॅडम हसल्या.

मोजणीच्या दिवशी बिनइस्ट्रोजेनच्या प्लेटमधला इंटरल्युकिनचा आकडा चांगलाच चढला. दुसरी शांत. मॅडमनी पाठीवर थाप मारली. "सवाल रहेगा!" मी घरी फोन लावला.

"आई, रडल्या!"

"कोन रडलं?"

"माझ्या पेशी!"

"बरं झालं. आता हळू बोल ना बाप्पा, इकडं तुझी पोट्टी झोपून राहिली."

झोपलेल्या देवयानीचा फोटो पाठवा म्हणणार होते. पण म्हटलं नाही.