काळ्या एपॉक्सीखालून

मी बोलतोय. जरा कान जवळ आणा, कारण माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी एक अ‍ॅम्प्लिफायर आहे, गिटारचा. लाडाने सगळे मला अ‍ॅम्प म्हणतात. तार छेडली की जो इवलासा आवाज निघतो तो घ्यायचा, मोठा करायचा आणि खोलीभर पोचवायचा, हे माझं काम. काम साधं आहे, पण ते मनापासून करणारे अ‍ॅम्प थोडे, आणि मी त्यांतला एक होतो हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

माझी ख्याती मात्र कामामुळे झाली नाही. ती झाली माझ्या पोटातल्या गुपितामुळे. मला मागून उघडलंत तर काचेचे व्हॉल्व्ह दिसतील, ट्रान्सफॉर्मर दिसेल, आणि जिथे खरं सर्किट असायला हवं तिथे दिसेल एक काळा, चकचकीत ठोकळा. ते एपॉक्सी. ओतताना पातळ, वाळलं की दगड. माझे रेझिस्टर, कंडेन्सर, वायरी, सगळं त्या दगडात आहे. लोक म्हणतात अ‍ॅम्पला जीव नसतो. नसेलही, पण चिणून घेतल्यावर कसं वाटतं ते मला विचारा.

माझा जन्म दादांच्या वर्कशॉपमध्ये झाला. दादा म्हणजे मला बनवणारे. वयाने मोठे, लहान, सगळेच त्यांना दादा म्हणतात. माडीवरची एक लांबट खोली, खिडकीखाली टेबल, भिंतीवर पकडी आणि पेचकस टांगलेले, हवेत सोल्डरचा धूर. दादांचा हात सुरेख आहे, ते नाकारून चालणार नाही. एकेक सांधा असा जोडायचे की बघत राहावं. तेव्हा मी उघडा होतो. खिडकीतून ऊन यायचं आणि माझ्या प्रत्येक सांध्यावर चमकायचं. माझ्या आयुष्यातले तेवढेच काय ते सुखाचे दिवस.

माझ्या शेजारी टेबलावर आणखी एक अ‍ॅम्प होता. म्हातारा, रंग उडालेला. त्याचं झाकण काढून ठेवलेलं होतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला होता. जुनी माणसं असंच करायची. पुढे कधी बिघडलं तर दुरुस्त करणाऱ्याला अडायला नको, म्हणून नकाशा अ‍ॅम्पबरोबरच द्यायचे. दादा त्या म्हाताऱ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि एक रेझिस्टर जोडायचे. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. मी ओळखलं, मी नक्कल आहे. मला त्याची लाज वाटली नाही. पोर आजोबांच्या तोंडवळ्यावर गेलं तर त्याने का लाजावं?

त्या म्हाताऱ्याच्या पोटात एका वायरीला दोन वेढ्यांचं वेटोळं होतं. दादा त्यापाशी फार वेळ थांबले. भिंगाने पाहिलं, मोजपट्टी लावली, आणि मग तेवढंच, तसंच वेटोळं त्यांनी माझ्याही वायरीला घातलं. पुटपुटले, "इथेच आहे सगळी गंमत."

मग मला चालू केलं. दादांनी गिटारच्या एका तारेला नुसतं नख लावलं आणि मी ती ऐकली. दादांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता झाकण लागणार आणि आपण जगात जाणार. दादांनी डबा उघडला, काळं काहीतरी काडीने ढवळलं आणि माझ्यावर ओतायला सुरुवात केली. मला ते औषध वाटलं. कोपऱ्यात माझा एक रेझिस्टर पट्टीपासून वर, आपल्या पायांवर उभा होता, म्हाताऱ्याच्या पोटात होता अगदी तसा. सगळ्यांत शेवटी तो बुडाला. ऊन दिसेनासं झालं ते आजतागायत.

गिऱ्हाईक विचारायचं, "दादा, आत आहे तरी काय?"

दादा मिशीत हसायचे. "तेवढं विचारू नका. घरची विद्या आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते मी तिथे बसून अनुभवलं. कुणी म्हणायचं आत लष्करातले जुने पार्ट आहेत, कुणी म्हणायचं चांदीच्या तारा आहेत. एका शहाण्याने तर मला नाकाजवळ धरून वासही घेतला. अरे बाबांनो, आत आहे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं! पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार, मी सांगणार कसा?

मला नेलं ते बाईंनी. बाई शाळेत संगीत शिकवायच्या आणि घरी गिटार वाजवायच्या. एका आजारपणात त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली होती. भाजी चिरताना सुरी निसटायची, डब्याचं झाकण शेजारणीकडून उघडून घ्यायच्या. गिटारच्या तारेवर त्यांचं बोट पडायचं ते मांजराच्या पावलाने. दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅम्पला ते ऐकूच जायचं नाही. आवाज वाढवला तर नुसती घरघर. दादांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी मला लावून पाहिलं आणि मी त्यांचं ते हलकं बोट जसंच्या तसं ऐकलं. बाई तिथेच रडल्या. "म्हणजे मला अजून वाजवता येतं," एवढंच म्हणाल्या.

त्या घरात मी मानाने राहिलो. खिडकीशेजारी जागा, धूळ पुसायला मऊ कापड. शाळेतून आल्या की चपला काढायच्या आणि चहाच्या आधी मला चालू करायच्या. माणसं दिवसभर बोलतात ते सगळं खरं नसतं, असं माझं निरीक्षण आहे. बाई गिटार घेऊन बसायच्या तेव्हा मात्र खोटं काही उरायचं नाही. मी आतून कोंडलेला होतो, तरी त्या घटकाभर मला त्याचा विसर पडायचा.

पण कोंडलेपण आपलं काम करतच होतं. तो उभा रेझिस्टर मला भाजू लागला. तो तापतो, त्याचा स्वभावच तो. एपॉक्सीत ती उष्णता जाणार कुठे? आधी माझ्या आवाजात बारीक चरचर आली, मग मधेच आवाज बसू लागला. बाई मला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या. रेडिओवाल्यांनी झाकण काढलं, काळा ठोकळा पाहिला आणि पेचकस खाली ठेवला.

"बाई, हा दगड आहे. दगडाचं ऑपरेशन मी करत नाही."

"मग कोण करेल?"

"ओतलंय ज्याने, तो. नाहीतर त्याच्या आत्याला दाखवा. दादाला सोल्डरिंग शिकवलं तिनेच. तोंडाची फटकळ आहे, पण कान तिखट आहेत."

बाईंनी आधी दादांना गाठलं. दादा म्हणाले, "बाई, हा सोडा. मी तुम्हाला नवा देतो. पैसे नकोत." फुकट द्यायला निघालेला माणूस काहीतरी लपवतोय हे कळायला फार अक्कल लागत नाही. बाईंनी मला उचललं आणि तडक आत्याचं घर गाठलं.

आत्या म्हणजे हातभर उंचीची, आवाजाने मात्र घर हलवणारी बाई. तरुणपणी बँडवाल्यांना अ‍ॅम्प बनवून द्यायची. आपल्या हुशारीबद्दल तिला यत्किंचितही शंका नव्हती आणि हे ती लपवतही नव्हती. मला चालू केल्याबरोबर तिने मान तिरकी केली.

"अगं, हा तर माझा आवाज!"

बाईंना काही कळेना. "तुमचा कसा? हा दादांनी बनवलाय."

"त्यानेच बनवला असेल. पण पोरगं कुणाचं ते आवाजावरून कळतं." आत्याने लगेच फोन लावला. "असशील तसा ये. नाही, उद्या नाही. आत्ता."

दादा आले. मला टेबलावर पाहून त्यांचा चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"माझा अ‍ॅम्प दुरुस्तीला म्हणून नेलास, तेव्हा उतरवून घेतलंस ना?" आत्याने विचारलं.

दादा जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "हो."

"सगळं?"

"सगळं. वेटोळ्यासकट."

"कुठलं वेटोळं?"

"ते वायरीचं, दोन वेढ्यांचं. आत्या, खरी गोडी त्यातच आहे ना?"

आत्या अशी हसली की खुर्चीवरून पडते की काय असं वाटलं. "अरे गाढवा! वायर लांब कापली गेली होती. पुन्हा कापायचा कंटाळा आला म्हणून गुंडाळून ठेवली!"

बाईही हसल्या. मीही हसलो असतो. इतकी वर्षं पोटात वागवलेलं माझं गुपित म्हणजे आत्याचा एका दुपारचा कंटाळा! दादा मात्र कानापर्यंत लाल झाले.

आत्याचं हसू थांबलं. "आणि तो उभा रेझिस्टर, तो का उभा ठेवलाय ते विचारलंस कधी मला? त्याला हवा लागते. तू त्याला उभाच पुरलास. नक्कल केलीस याचं मला काही नाही रे. मी तरी कुठून आणलं? व्हॉल्व्हबरोबर पुस्तिका यायच्या, त्यातून अर्धं आणि दुसऱ्यांचे अ‍ॅम्प उघडून अर्धं. पण मी नकाशा झाकणाला चिकटवत होते. तू झाकणाखाली दगड घातलास."

"उघडं ठेवलं तर कारखानेवाले उद्या ढिगाने काढतील, आत्या. मग मी काय करायचं?"

"कारखानेवाल्यांपासून झाकलंस, की माझ्यापासून?"

दादा माझं झाकण उगाच सरळ करू लागले.

"आता याला उघड," आत्या म्हणाली. "माझे डोळे बारीक कामाचे राहिले नाहीत. ओतलंयस तू, काढशीलही तूच. हीट गनने मऊ कर, थोडं थोडं खरवड. रेझिस्टर बदल. आणि आतून नकाशा लाव, वर माझं नाव आणि खाली तुझं. दोघांचं राहू दे. एवढं केलंस तर मी कुणापाशी चकार शब्द काढणार नाही."

दादांनी मान डोलावली. माझा आनंद काय सांगू! बाईंचा हात माझ्या पाठीवर होता. दादांनी त्यांना तोवर वाजवायला एक नवा अ‍ॅम्प बनवून पाठवायचं कबूल केलं आणि मला काखोटीला मारून वर्कशॉपमध्ये आणलं.

इथे फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी हीट गन काढली, माझ्यासमोर धरली. गरम वाऱ्याने काळ्या दगडाचा एक कोपरा मऊ झाला, आतून माझ्या एका वायरीचा लाल रंग दिसला. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. दादांनी घाईघाईने माझ्यावर कापड टाकलं. ते कापड पुन्हा निघालं नाही.

आत्याचा फोन आला तेव्हा दादा म्हणाले, "झाला दुरुस्त. हो, नकाशाही लावला. बाईंकडे पोचवला." बाईंचा फोन आला तेव्हा म्हणाले, "काम नाजूक आहे, वेळ लागेल." मी कापडाखाली दोन्ही ऐकलं. एका वेळी दोन घरांत मी दोन वेगळ्या तऱ्हांनी जगत होतो आणि इथे फळीवर मरत होतो.

दादा वाईट नाहीत, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण मग टेबलावर नवीन अ‍ॅम्प बनू लागले, कापडाच्या विरळ विणीतून मी ते पाहिले आणि मला उमगलं. आत्याचं म्हणून जे जे ओळखू येईल ते ते दादा काढून टाकत होते. वेटोळं काढलं, ठीक. उभा रेझिस्टर आडवा केला. आणखीही दोन-तीन गोष्टी इकडच्या तिकडे केल्या. आवाज दणदणीत झाला, पण ते हलकं ऐकणं गेलं. दादांनी स्वतः तारेला नख लावून पाहिलं, काही ऐकू आलं नाही, आणि तरीही त्यांनी एपॉक्सीचा डबा उघडला. बाईंना पाठवलेला अ‍ॅम्प त्याच घाण्यातला पहिला.

आज बाई आल्या. त्यांची पावलं मी ओळखली.

"दादा, हा तुमचा अ‍ॅम्प परत घ्या."

"का हो? बिघडला?"

"नाही. त्याला काय झालंय, धडधाकट आहे." बाईंनी तो खाली टेकवल्याचा आवाज आला. "माझा हातच संपला. वाजवते, पण काही पोचतच नाही. आधी वाटलं सवयीचा प्रश्न असेल. पण नाही, ताकद गेलीच शेवटी. माझा जुना दुरुस्त झाला तर दुसऱ्या कुणाला देऊन टाका. मी गिटारही शाळेला देतेय."

दादांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच तर ते केलं होतं. त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता बोलतील.

दादा म्हणाले, "वय झालं की व्हायचंच, बाई."

बाई "हो" म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. सावकाश उतरतात त्या, कठडा डाव्या हाताने धरून. अजून खालच्या दारापर्यंत पोचल्या नसतील.

तुम्ही मला ऐकताय ना? मग माझं काय व्हायचं ते होऊ द्या, मला उघडू नका, इथेच पडू द्या. पण कुणीतरी धावत जा आणि त्यांना गाठा. सांगा, बाई, गिटार देऊ नका. तुमच्या हाताला काही झालेलं नाही.