चौघांना न पेललेलं मडकं

चार धट्टेकट्टे गडी खड्ड्यातून एक काळं मडकं वर काढत होते. मानेच्या शिरा ताणलेल्या, पाय लटपटताहेत. अख्खं गाव अंगणात लोटलं होतं. पांढऱ्या झग्यातले प्रेषित सिल्व्हानस घंटा बडवत म्हणाले, "बघा किती जड! गावात मेलेल्या प्रत्येक पोराचं वजन आहे यात. वीस वर्षांपूर्वी पुरलंय या बाईनं."

ही बाई म्हणजे म्गबेके आजी. नवरा गेल्यापासून घरामागच्या कंदांच्या शेतावर जगणारी. त्या शेतावर तिच्या दिराचा, ओकवुदिलीचा, कधीपासून डोळा होता. प्रेषितालाही त्यानंच आणलं होतं.

"चेटकिणी, दिवस मावळायच्या आत गाव सोड," ओकवुदिली म्हणाला. तिचं गाठोडं त्यानं आधीच अंगणात फेकलं होतं.

नव्या सिनेमासाठी जागा बघायला मी असाबा शहरातून आले होते. मडकं बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. ते मी बनवलेलं होतं.

मी सिनेमाचे सेट उभारते. मागच्या वर्षी याच गावाबाहेर जुन्या काळातल्या देवीचं ठाणं उभारलं होतं. प्लायवुडच्या भिंती, रंगवलेल्या कवट्या आणि हे मडकं. शूटिंग संपल्यावर ते ठाणं मोडायला एकही मजूर तयार होईना. ज्यांनी स्वतः खिळे ठोकले तेच म्हणाले, "मॅडम, आता आत देवी येऊन बसली असेल." आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. सेट तसाच राहिला. गावातलं कुणी तिकडे फिरकायचं नाही. फिरकले असणार फक्त प्रेषित, मडकं उचलून इथं पुरायला.

गर्दीतून घुसून मी म्हटलं, "बाबा, मडकं माझं आहे."

"लांब हो पोरी. हात लावलास तर वांझ राहशील."

"तीन कार्टी आहेत मला. आणखी नकोच आहेत."

लोक हसले. मी आजीकडे वळले. "आजी, उचला ते."

"नको गं बाई, मारतील मला."

"नाही उचललंत तर काय सोडणार आहेत?"

ती वाकली. मडकं एका हातानं वर आलं.

चौघे गडी जमिनीकडे बघू लागले. मी मडक्यात नख खुपसलं, तसे पांढरे मणी भुरभुरले. "थर्माकोल आहे. नटीला दिवसभर हे डोक्यावर घेऊन पळायचं होतं, म्हणून हलकं केलं. वर नुसता रंगाचा लेप. या चौघांइतका अभिनय तर तिलाही जमला नव्हता."

"माझ्या प्रार्थनेनं वजन उतरलं," प्रेषित म्हणाले. आणि काही माना चक्क डोलल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग प्रार्थनेनंच पुन्हा जड करा."

मी मडकं त्यांच्या पायाशी ठेवलं. घंटा वाजत राहिली. वाऱ्याची झुळूक आली आणि मडकं अंगणभर गडगडत गेलं. प्रेषित झगा सावरत गाडीकडे निघाले, त्यांच्यामागे ओकवुदिली.

आजी एकटीच गाठोडं परत घरात न्यायला झटत होती. कुणी जागचं हललं नाही.

"पडद्यावर आम्ही फसवतो ते तुम्ही समजून-उमजून बघता," मी ओरडले. "इथं एका म्हातारीचं घर जात होतं, आणि एवढ्या गर्दीत एकालाही ते मडकं हातात घेऊन बघावंसं वाटलं नाही? भिण्याआधी एकदा उचलून बघायला काय जातं तुमचं? आता ते गाठोडं बघा. ते खरंच जड आहे. या की पुढे, चौघंही."